मतदाराच्या मनाचे गणित मांडणारा प्राध्यापक

प्रचाराची रणधुमाळी सुरू झाली की राजधानीत एक समजूत दरवेळी नव्याने बळावते. वृत्तपत्रे, वाहिन्या आणि भ्रमणध्वनीवरचे संदेश ज्याच्या हाती, त्याच्या हाती मतदार, ही ती समजूत. पक्षांची प्रचारयंत्रणा, जाहिरात संस्था आणि निवडणूक सल्लागार यांचा सारा व्यवहार याच गृहीतकावर चालतो. २००४ मध्ये ‘भारत उदय’ची चकचकीत मोहीम देशभर राबवूनही केंद्रातील सरकार पायउतार झाले, तेव्हा या समजुतीला धक्का बसला, पण तो फार काळ टिकला नाही. वास्तविक या गृहीतकाची शास्त्रशुद्ध तपासणी त्याच्या ६४ वर्षे आधी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका सामान्य जिल्ह्यात होऊन गेली होती. ती करणारा माणूस जन्माने अमेरिकी नव्हता, राज्यशास्त्राचा पदवीधर नव्हता आणि पत्रकारही नव्हता. तो होता व्हिएन्नाचा एक गणिती. पॉल फेलिक्स लाझार्सफेल्ड हे त्याचे नाव.

लाझार्सफेल्ड यांचे नाव आपल्याकडे समाजशास्त्राच्या आणि पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाबाहेर फारसे उच्चारले जात नाही. मात्र ‘ओपिनियन लीडर’, ‘पॅनेल सर्वेक्षण’, ‘फोकस ग्रुप’ हे शब्द आज कोणत्याही पक्षकार्यालयात सहज कानावर पडतात. या तिन्ही शब्दांच्या मुळाशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी उभे आहेत. प्रसारमाध्यमे आणि अमेरिकेचे राजकारण यांचा परस्परसंबंध मोजता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. मोजल्यानंतर जे हाती आले, ते माध्यमांचा धसका घेणाऱ्यांना आणि माध्यमांवर भिस्त ठेवणाऱ्यांना सारखेच अनपेक्षित होते.

१३ फेब्रुवारी १९०१ रोजी व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात लाझार्सफेल्ड यांचा जन्म झाला. वडील रॉबर्ट हे वकील. आई सोफी या मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्या शिष्या. घरात समाजवादी पुढाऱ्यांचा राबता असे. त्यांत फ्रीडरिश ॲडलर हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आणि समाजवादी नेतेही होते. पहिल्या महायुद्धाच्या निषेधार्थ याच ॲडलर यांनी १९१६ मध्ये ऑस्ट्रियाचे पंतप्रधान काउंट श्ट्युर्क यांची गोळ्या घालून हत्या केली. त्यांना झालेली फाशीची शिक्षा पुढे रद्द झाली आणि १९१८ मध्ये त्यांची सुटका झाली. राजकारण आणि गणित या दोन्हींचा संस्कार किशोरवयीन पॉलवर या एकाच माणसाकडून झाला. तो समाजवादी युवक चळवळीत रमला आणि विद्यापीठात गणिताकडे वळला. १९२५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षण सिद्धान्ताच्या आधारे बुध ग्रहाच्या गतीसंबंधी प्रबंध लिहून त्याने डॉक्टरेट मिळविली.

पदवी गणिताची असली तरी मनात घोळणारा प्रश्न चळवळीचा होता. व्हिएन्ना महापालिका समाजवाद्यांच्या हाती होती. कामगारांसाठी घरे, शाळा, ग्रंथालये उभी राहत होती. तरीही देशात चळवळीची पीछेहाट होत होती. प्रचार इतका करूनही लोक आपल्याकडे का वळत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर घोषणांत मिळत नव्हते. मानसशास्त्रज्ञ कार्ल आणि शार्लोट ब्यूलर यांच्या विद्यापीठातील संस्थेत लाझार्सफेल्ड संख्याशास्त्र शिकवू लागले. पुढे तिच्याशी संलग्न असे एक छोटे संशोधन केंद्र त्यांनी स्थापन केले. केंद्राचा खर्च भागविण्यासाठी उद्योगांकडून ग्राहक-पाहणीची कामे घेतली जात. माणूस विशिष्ट दुकानातून विशिष्ट वस्तू का घेतो, हे शोधताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मत देण्याचा निर्णय आणि साबण विकत घेण्याचा निर्णय यांचे मोल सारखे नसले, तरी दोन्ही निर्णय अभ्यासण्याची रीत एकच असू शकते. पुढच्या आयुष्यात त्यांच्यावर झालेल्या बहुतेक टीकेचे बीज या निरीक्षणात आहे आणि त्यांच्या यशाचेही.

या केंद्राचे नाव अजरामर झाले ते मारिएनटाल या गावाच्या अभ्यासामुळे. व्हिएन्नाजवळच्या या गावाचे पोट एका कापडगिरणीवर अवलंबून होते. जागतिक मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकदम बेकार झाले. समाजवादी नेते ओटो बाउअर यांच्या सूचनेवरून लाझार्सफेल्ड, त्यांच्या पहिल्या पत्नी मारी याहोडा आणि हान्स झाइझेल यांनी हे गाव अभ्यासाला घेतले. घरांतील जेवणाच्या नोंदी ठेवल्या गेल्या, मुलांचे निबंध तपासले गेले, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचा चालण्याचा वेगसुद्धा मोजला गेला. हाती रिकामा वेळ भरपूर, तरीही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले होते. पुरुष रस्त्याने जाताना मध्येच थांबत, रेंगाळत. बेकारी माणसाला बंडखोर बनवते ही तेव्हाची लाडकी अपेक्षा मारिएनटालने खोटी ठरविली. ती माणसाला हताश आणि उदासीन करते, असे आकडे सांगत होते. १९३३ मध्ये हे पुस्तक जर्मनीत प्रसिद्ध झाले तेव्हा हिटलर सत्तेवर आला होता. लेखक ज्यू असल्याने त्यांची नावे मुखपृष्ठावर आलीच नाहीत.

त्याच वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती घेऊन लाझार्सफेल्ड अमेरिकेत गेले. बेत परतण्याचाच होता. परंतु फेब्रुवारी १९३४ मध्ये डॉलफुस सरकारने व्हिएन्नातील समाजवादी चळवळ सैन्यबळाने चिरडली आणि पक्षावर बंदी घातली. लाझार्सफेल्ड यांच्या घरच्या मंडळींना तुरुंगात टाकण्यात आले. याहोडा यांच्याशी त्यांचा विवाह याच सुमारास संपुष्टात आला. पुढे त्यांनाही अटक झाली आणि १९३७ मध्ये देश सोडावा लागला. परतीचा मार्ग असा बंद झाल्यावर तिशी ओलांडलेल्या या गणितज्ञाने परक्या देशात शून्यातून सुरुवात केली. इंग्रजी जड उच्चारांचे, ज्यू असल्यामुळे विद्यापीठांची दारे अर्धवट उघडी आणि हाताशी केवळ एक कसब: माणसांना नेमका प्रश्न विचारून उत्तरांतून नेमका अर्थ काढण्याचे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांनी त्यांना न्यूवॉर्क येथे एका लहानशा विद्यापीठात काम मिळवून दिले. तिथेही त्यांनी व्हिएन्नाच्याच धर्तीवर संशोधन केंद्र काढले.

तो काळ रेडिओचा होता. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट शेकोटीजवळच्या गप्पा म्हणून ओळखली जाणारी भाषणे रेडिओवरून करीत आणि ती घराघरांत ऐकली जात. चार्ल्स कॉगलिन नावाचे धर्मगुरू याच रेडिओवरून लक्षावधी श्रोत्यांपुढे विखारी भाषणे करीत. पलीकडे जर्मनीत गोबेल्स यांनी रेडिओला सत्तेचे शस्त्र बनविले होते. माध्यमाचा संदेश सुईने टोचलेल्या औषधासारखा थेट जनतेच्या नसांत उतरतो, अशी धास्ती विचारवंतांत होती. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स यांच्या रेडिओ-नाटकाने मंगळावरून स्वारी झाल्याचा आभास निर्माण केला आणि काही श्रोते घाबरले, तेव्हा ही धास्ती अधिकच वाढली. रॉकफेलर प्रतिष्ठानने १९३७ मध्ये रेडिओच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी एक मोठा प्रकल्प प्रिन्स्टन विद्यापीठाच्या नावे मंजूर केला होता. मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल आणि सीबीएस या रेडिओ कंपनीतील फ्रँक स्टँटन हे त्याचे सहसंचालक आणि संचालक लाझार्सफेल्ड. नाव प्रिन्स्टनचे असले तरी कामाची सुरुवात न्यूवॉर्कमधूनच झाली.

या प्रकल्पात एक वैचारिक झुंजही घडली. संगीतविषयक भागासाठी लाझार्सफेल्ड यांनी जर्मनीतून निर्वासित झालेले तत्त्वज्ञ थिओडोर अडॉर्नो यांना बोलावून घेतले. श्रोत्याला काय आवडते हे मोजण्यापूर्वी ती आवड कोणी आणि कोणत्या हेतूने घडविली हे विचारले पाहिजे, असे अडॉर्नो यांचे म्हणणे होते. संस्कृतीचे मोजमाप करण्याची कल्पनाच त्यांना विसंगत वाटे. लाझार्सफेल्ड यांना अडॉर्नो यांच्या बुद्धीविषयी आदर होता, पण पुराव्याविषयीची त्यांची बेफिकिरी सलत होती. संगीताच्या भागाचे अनुदान पुढे बंद झाले आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तथापि १९४१ मध्ये लाझार्सफेल्ड यांनी एक निबंध लिहून माध्यम-संशोधनाचे दोन प्रवाह स्पष्ट केले. एक, माध्यमे चालविणाऱ्यांच्या गरजेसाठी केलेले प्रशासकीय संशोधन. दुसरा, माध्यमांच्या सत्तेलाच प्रश्न विचारणारे चिकित्सक संशोधन. दोहोंना एकमेकांची गरज आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. स्वतः मात्र ते आयुष्यभर पहिल्याच प्रवाहात वावरले.

प्रकल्प १९४० च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात हलला आणि पुढे त्याचेच रूपांतर ‘ब्यूरो ऑफ अप्लाइड सोशल रिसर्च’ या संस्थेत झाले. १९४१ मध्ये समाजशास्त्र विभागात नेमणूक करताना सिद्धान्तकार घ्यावा की आकडेवारीचा जाणकार, यावर विभागात एकमत होईना. अखेर दोघांनाही घेण्यात आले. सिद्धान्तकार होते रॉबर्ट मर्टन. दोघे परस्परांपासून अंतर राखून होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लाझार्सफेल्ड यांनी मर्टन यांना सपत्नीक जेवायला बोलावले. पाहुणे दारात येतात तोच सरकारी खात्याकडून एका रेडिओ कार्यक्रमाची चाचणी घेण्याचे काम आल्याचे सांगून यजमान त्यांना थेट स्टुडिओत घेऊन गेले. तेथे श्रोत्यांच्या हाती दोन कळी असत. आवडले की हिरवी, नावडले की लाल. स्टँटन आणि लाझार्सफेल्ड यांनी मिळून हे यंत्र तयार केले होते. कार्यक्रमानंतर श्रोत्यांना विचारलेल्या प्रश्नांतील उणिवा मर्टन यांनी तेथेच दाखविल्या आणि मुलाखत स्वतः घेतली. जेवण राहून गेले, पण ३५ वर्षांचे सहकार्य सुरू झाले. गटाला एकत्र बसवून नेमक्या विषयावर बोलते करण्याची जी पद्धत आज पक्ष आणि कंपन्या सर्रास वापरतात, तिचा उगम या सहकार्यात आहे.

लाझार्सफेल्ड यांचे सर्वांत महत्त्वाचे काम त्याआधीच सुरू झाले होते. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभे होते आणि रिपब्लिकन पक्षाने वेंडेल विल्की यांना उमेदवारी दिली होती. ओहायोतील ईरी कौंटी हा जिल्हा अभ्यासासाठी निवडला गेला, कारण मागील चार दशकांत त्याचा कौल देशाच्या कौलापासून फारसा दूर गेला नव्हता. तोवरची सर्वेक्षणे छायाचित्रासारखी होती. एका दिवशी काही लोकांना विचारायचे, पुढच्या वेळी दुसऱ्यांना. त्यांतून टक्केवारीतील चढउतार कळे, पण मत बदलले कोणी आणि का, हे कळत नसे. लाझार्सफेल्ड यांनी ६०० मतदारांचा एक कायम गट निवडला आणि मे ते नोव्हेंबर दर महिन्याला त्याच माणसांना पुनःपुन्हा प्रश्न विचारले. वारंवार विचारण्याने माणूस बदलत तर नाही ना, हे तपासण्यासाठी तुलनेचे वेगळे गटही ठेवले. बर्नार्ड बेरेल्सन आणि हेझल गॉडेट यांच्यासह लिहिलेले ‘द पीपल्स चॉइस’ हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष चकित करणारे होते. जवळपास निम्म्या मतदारांचा निर्णय प्रचार सुरू होण्यापूर्वीच, मे महिन्यात झालेला होता. एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे प्रत्यक्ष वळलेले मतदार जेमतेम ८ टक्के होते. प्रचाराचे मुख्य काम मन वळविण्याचे नव्हतेच. जे मनात आहे ते पक्के करणे आणि जे झोपलेले आहे ते जागे करणे, एवढेच तो करीत होता. मतदाराची आर्थिक स्थिती, धर्मपंथ आणि तो ग्रामीण भागात राहतो की शहरात, एवढे कळले तरी त्याचा कल बऱ्याच अंशी सांगता येई. सुखवस्तू, प्रोटेस्टंट आणि ग्रामीण मतदार रिपब्लिकन पक्षाकडे. गरीब, कॅथलिक आणि शहरी मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे. ज्यांच्यावर परस्परविरोधी ओढी होत्या, उदाहरणार्थ श्रीमंत कॅथलिक, ते निर्णय लांबणीवर टाकत किंवा निवडणुकीतील रसच गमावत. प्रचाराचा मारा ज्यांच्यासाठी चालला होता ते अनिश्चित मतदार भाषणे ऐकत नव्हते. जे ऐकत होते त्यांचे आधीच ठरलेले होते, आणि तेही आपल्याच पक्षाचे ऐकत होते.

मग अखेरच्या क्षणी निर्णय घेणाऱ्यांवर प्रभाव कोणाचा? मुलाखतींतून वारंवार एक उत्तर येत होते: दुसऱ्या माणसाचा. घरातला, कारखान्यातला, शेजारचा, दुकानावर भेटणारा कोणी. रेडिओ आणि वृत्तपत्रांतून विचार आधी अशा सजग माणसांपर्यंत पोचतात आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत झिरपतात, ही मांडणी पुढे ‘दोन पायऱ्यांचा प्रवाह’ म्हणून ओळखली गेली. हे मतप्रवर्तक केवळ धनिक किंवा प्रतिष्ठित नव्हते. समाजाच्या प्रत्येक थरात त्या थराचा स्वतःचा मतप्रवर्तक होता. गावच्या पारावरचे किंवा चहाच्या टपरीवरचे राजकारण पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. परंतु जनतेला एकाकी व्यक्तींचा जमाव मानणाऱ्या तत्कालीन सिद्धान्तांना यामुळे तडा गेला.

१९४८ च्या निवडणुकीने या कामाचे महत्त्व आणखी ठसविले. गॅलप, रोपर आणि क्रॉसली या तिन्ही नामांकित मतचाचणीकारांनी रिपब्लिकन उमेदवार थॉमस ड्यूई यांचा विजय गृहीत धरला होता. रोपर यांनी तर सप्टेंबरमध्येच चाचण्या थांबविल्या. हॅरी ट्रुमन निवडून आले आणि मतचाचणीचा व्यवसायच संशयाच्या भोवऱ्यात सापडला. त्याच वेळी लाझार्सफेल्ड यांचा चमू न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा गावात मतदारांच्या कायम गटाला प्रश्न विचारीत होता. पक्षापासून दुरावलेले अनेक डेमोक्रॅट मतदार अखेरच्या टप्प्यात रोजगार, महागाई, कामगारांचे हक्क हे विषय पुढे येताच स्वगृही परतले, असे त्या नोंदींतून दिसले. एका दिवसाच्या छायाचित्रात जे दिसले नव्हते ते सलग नोंदीत सापडले. १९५४ मध्ये ‘व्होटिंग’ या ग्रंथात हा अभ्यास आला. त्याच ग्रंथात, सर्वच नागरिक राजकारणात तीव्रतेने गुंतलेले नसतात म्हणूनच लोकशाहीला तडजोडीची जागा मिळते, असेही प्रतिपादन होते. उदासीनतेचे हे समर्थन अनेकांना खटकले, आणि मारिएनटालची उदासीनता स्वतः मोजलेल्या माणसाच्या ग्रंथात ते यावे, ही विसंगती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

एलिहू कॅट्झ यांच्यासह लिहिलेला ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’ हा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे क्षेत्रकाम १९४५ मध्ये इलिनॉय राज्यातील डिकेटर शहरात सुमारे ८०० स्त्रियांच्या मुलाखतींतून झाले होते. खरेदी, फॅशन, चित्रपट आणि सार्वजनिक प्रश्न या चार विषयांत कोण कोणाचे ऐकते, हे त्यात तपासले होते. प्रत्येक विषयातील मतप्रवर्तक वेगळा निघाला. खर्चाचा मोठा वाटा एका मासिक प्रकाशन कंपनीने उचलला होता. आपले वाचक इतरांवर प्रभाव टाकतात हे तिला सिद्ध करून हवे होते. क्षेत्रकामाचे प्रमुख होते तरुण समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स. माहितीचा अर्थ कसा लावायचा यावरून दोघांत बिनसले आणि लाझार्सफेल्ड यांनी मिल्स यांना या कामातून दूर केले. मिल्स यांनी १९५९ मध्ये ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ या ग्रंथात त्याची परतफेड केली. पद्धतीच्या सोवळ्यात अडकलेले आणि पैसा पुरविणाऱ्याच्या प्रश्नांपलीकडे न पाहणारे हे संशोधन सत्तेच्या प्रश्नाला बगल देते, असा त्यांचा घणाघात होता.

या टीकेत तथ्य होते. पण ती एकांगीही होती. मर्टन आणि लाझार्सफेल्ड यांनी १९४८ मध्ये लिहिलेल्या एका प्रदीर्घ निबंधात माध्यमांचा एक परिणाम असा सांगितला आहे, जो आज अधिकच खरा वाटावा. माध्यमे नागरिकाला इतकी माहिती पुरवितात की माहिती असणे म्हणजेच काही करणे, असा त्याचा समज होतो. तो वाचतो, ऐकतो, चर्चा करतो, हळहळतो आणि झोपी जातो. कृतीची जागा जाणकारी घेते. या गुंगीला त्यांनी माध्यमांचे अपकार्य म्हटले. मॅकार्थी यांच्या साम्यवादविरोधी दहशतीनंतर १९५५ मध्ये लाझार्सफेल्ड यांनी १६५ महाविद्यालयांतील २,४५१ समाजशास्त्रीय विषयांच्या प्राध्यापकांची पाहणी केली. वर्गात काय बोलावे, कोणते पुस्तक नेमावे, कोणत्या संघटनेत जावे याविषयी भीती किती खोल गेली होती, हे १९५८ च्या ‘द ॲकॅडमिक माइंड’ या पुस्तकाने आकड्यांत दाखविले. तुरुंग भोगलेल्या कुटुंबातून आलेल्या माणसाने घेतलेली ही नोंद निव्वळ प्रशासकीय म्हणता येत नाही.

संशोधन हा एकट्या विद्वानाचा उद्योग नसून संस्थेचे काम आहे, हा लाझार्सफेल्ड यांचा आणखी एक वारसा. कोलंबियाच्या ब्यूरोत काम केलेल्या वा तेथे घडलेल्या विद्यार्थ्यांत जेम्स कोलमन, सीमूर लिप्सेट, पीटर रॉसी यांसारखे पुढे ख्यातनाम झालेले समाजशास्त्रज्ञ होते. एका प्रकल्पाच्या पैशातून दुसऱ्या प्रकल्पाची तूट भरून काढण्यात संचालकांचा हातखंडा होता. त्यामुळे हिशेब तपासणाऱ्यांची झोप उडत असे, पण विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती चुकत नसे.

या कामाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोचतो. ओटो नॉइराट या व्हिएन्नातील तत्त्वज्ञांचे चिरंजीव पॉल नॉइराट हे नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आले आणि कोलंबियात लाझार्सफेल्ड यांच्या परिवारात दाखल झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे दीडशे मराठी गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतेगटांचा प्रयोग केला. कल्पना मूळ कॅनडातील. गावकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे या प्रयोगाचे मूल्यमापन नॉइराट यांनी केले. नुसता रेडिओ असलेली गावे, रेडिओ नसलेली गावे आणि श्रोतेगट असलेली गावे यांची तुलना झाली. श्रोतेगटांच्या गावांत ज्ञानात झालेली वाढ इतरांहून ठळकपणे अधिक होती. रेडिओने सांगितले आणि माणसांनी आपसांत बोलून ते पचविले, तेव्हाच ते रुजले. ओहायोतील निष्कर्षाला पुणे परिसरातील पारावर मिळालेला हा दुजोरा होता. १९५९ पासून हा उपक्रम देशातील इतर केंद्रांवर नेण्यात आला. पुढे पुणे विद्यापीठातील व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीतील मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला आणि दिल्लीत रजनी कोठारी यांच्या संस्थेने १९६७ मध्ये देशव्यापी निवडणूक-अध्ययन हाती घेतले. दिल्लीच्या अध्ययनावर कोलंबियापेक्षा मिशिगन विद्यापीठाच्या परंपरेची छाप अधिक होती.

अमेरिकेतही तोवर मिशिगनची सरशी झाली होती. १९६० मधील ‘द अमेरिकन व्होटर’ या ग्रंथाने संपूर्ण देशाचा नमुना घेऊन पक्षनिष्ठेला मध्यवर्ती स्थान दिले आणि एका गावाचा सखोल अभ्यास मागे पडला. १९६८ च्या निवडणुकीवर आधारित मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांचे संशोधन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांनी काय मत बनवावे हे माध्यमे ठरवीत नसली, तरी कशाविषयी मत बनवावे हे ती ठरवितात, असे त्याने दाखविले. सात महिन्यांच्या मोजणीत हा संथ परिणाम लाझार्सफेल्ड यांच्या हाती लागला नव्हता. टॉड गिटलिन यांनी १९७८ मध्ये नेमके याच उणिवेवर बोट ठेवले. अल्पकाळातील मतबदल हाच प्रभावाचा पुरावा मानल्यामुळे माध्यमांची खरी सत्ता नजरेआड राहिली, हा त्यांचा आक्षेप आजही खोडून काढता आलेला नाही.

लाझार्सफेल्ड १९६२ मध्ये अमेरिकी समाजशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. ज्या व्हिएन्नाने त्यांना परत येऊ दिले नाही, तेथे १९६३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ओस्कार मोर्गेनस्टर्न यांच्यासह त्यांनी उच्च अध्ययन संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. कोलंबियातून निवृत्त झाल्यावर ते पिट्सबर्ग विद्यापीठात शिकवीत राहिले. ३० ऑगस्ट १९७६ रोजी न्यूयॉर्क येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कोलंबियाचा ब्यूरोही त्या नावाने उरला नाही.

त्यांची पद्धत मात्र जगभर पसरली आणि तिचा मालक बदलला. व्हिएन्नाच्या युवक चळवळीत जो प्रश्न जनतेला समजून घेण्यासाठी पडला होता, तोच आज जनतेला हाताळण्यासाठी विचारला जातो. मतदारांची वर्गवारी, अनिश्चितांचा शोध, त्यांच्यावरील ओढींचा अंदाज आणि त्यांच्या ओळखीच्या माणसाकरवी संदेश पोचविणे हे सारे ईरी कौंटीच्या अभ्यासात आहे. फरक एवढाच, की तो अभ्यास छापून सर्वांपुढे ठेवला गेला आणि आजचे अभ्यास पक्षांच्या कुलपात बंद असतात. कोणत्याही कुटुंबगटातून पुढे ढकललेला संदेश मूळ लेखकाच्या नव्हे, तर काका-मामांच्या विश्वासावर वाचला जातो. दोन पायऱ्यांचा प्रवाह संपलेला नाही. त्याचा वेग वाढला आहे.

मोजणीची मर्यादाही तशीच कायम आहे. २०२४ मध्ये बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवले आणि प्रत्यक्षात ती २९३ वर थांबली, तेव्हा १९४८ ची आठवण होणे स्वाभाविक होते. मतदाराला एकदाच गाठून त्याचे मन कळत नाही, हा धडा गिरवायला वेळ आणि पैसा लागतो आणि वाहिन्यांना दोन्हींची घाई असते. लाझार्सफेल्ड यांच्या आयुष्यभराच्या आकडेमोडीतून एक दिलासा मात्र निघतो. संदेश आणि मत यांच्यामध्ये नेहमी माणसे उभी असतात: नातेवाईक, शेजारी, सहकारी. प्रचाराचा पैसा त्यांच्यापर्यंत पोचू शकतो, पण त्यांना वगळून पुढे जाऊ शकत नाही. लोकशाही टिकवायची तर आधी या माणसांमधील संवाद टिकवावा लागेल; माध्यमांचा क्रमांक त्यानंतरचा आहे.